उपचाराच्या तारखेपर्यंत : बालकांच्या मुखवेदनेची घरगुती शुश्रूषा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आषाढ नुकताच लागला होता. एक शेतकरी गृहस्थ आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन आपल्या रुग्णालयाच्या बालदंत विभागात आले. मुलाची खालच्या जबड्यातील दुधाची दाढ खोलवर किडली होती आणि तीन रात्री घरात कोणाचा डोळा लागला नव्हता. तपासणीत आणखी सहा दात किडलेले आढळले. इतके उपचार खुर्चीत बसून सोसण्याचे मुलाचे वय नव्हते. त्यामुळे सर्व काम पूर्ण भूल देऊन एकाच वेळी करावयाचे ठरले आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. वेदनाशामक औषध लिहून दिले. पाचव्या दिवशी मुलाचे दुखणे आपोआप थांबले. घरात सर्वांना हायसे वाटले. भातलावणीचे दिवस होते. आता दुखतच नाही, तर लावणी टाकून शहरात कशाला जावयाचे, असा विचार होऊन ती तारीख सोडून देण्यात आली.

महिन्याभराने एका रात्री ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा मुलाच्या जबड्याखालचा भाग सुजून कडक झाला होता, तोंड जेमतेम एक बोट उघडत होते आणि अंगात ताप होता. त्याच रात्री त्यास दाखल करून घेतले, शिरेतून प्रतिजैविके दिली, दाढ काढली, साचलेला पू बाहेर काढला. मूल बरे होऊन घरी गेले. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, अशी त्या वडिलांची समजूत होती. ती चुकीची आहे हे त्यांना पूर्वी कोणी सांगितले नव्हते, आणि या ‘कोणी’मध्ये आम्हीही आलो. आम्ही चिठ्ठीवर औषध लिहिले, तारीख लिहिली, परंतु मधल्या तीन आठवड्यांविषयी काहीच सांगितले नाही.

वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, याचे तक्ते असतात. पहिली तपासणी आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यामधील दिवसांसाठी मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो. त्या दिवसांत वैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माता या तिन्ही भूमिका घरातील आईला किंवा आजीला पार पाडाव्या लागतात. प्रस्तुत लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. लहान मुलांच्या दंतोपचारास भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि पुरेसा वेळ ही तिन्ही एकत्र यावी लागतात, म्हणून प्रतीक्षा घडते. देणगीदारांच्या साहाय्याने ती कमी करता येते, पण पूर्णपणे टाळता येत नाही.

दात का दुखतो

दात ‘किडतो’ असे आपण म्हणतो आणि त्या शब्दातच एक फार जुनी कल्पना दडलेली आहे. दातात अळी शिरते व ती दात पोखरते, असे जगात अनेक ठिकाणी मानले जाई. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडण्याचा’ उपचार चालत आला. युरोपात हाच प्रयोग खुरासानी ओव्याच्या बियांनी होत असे. धुरीनंतर पाण्यात दिसणाऱ्या पांढऱ्या ‘अळ्या’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतील कोंब असत. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही अशी अळी आपणास आढळली नाही, असे नमूद केले. पुढे १८९० साली बर्लिन येथे काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकी संशोधकाने तोंडातील जंतू साखर व पिष्टमय अन्न आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हा सिद्धांत मांडला. आजचे दंतशास्त्र त्याच पायावर उभे आहे. धुरी घेणाऱ्या मुलाचे तोंड भाजते आणि दात होता तसाच राहतो.

दाताचे बाहेरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे असते. त्यास संवेदना नसते. त्याखाली दंतधातूचा थर असतो व त्याच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. दुधाच्या दातांत कवच पातळ आणि गर त्या मानाने मोठा असतो, त्यामुळे कीड फार लवकर आत पोहोचते. कीड दंतधातूपर्यंत असेतो गार किंवा गोड लागले की कळ येते व क्षणात जाते. गराला सूज आली की वेदना रेंगाळू लागते, काही कारण नसताना उठते आणि विशेषतः रात्री बळावते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो व बंदिस्त गराला फुगण्यास जागाच नसते. दिवसा खेळणारे मूल रात्री का रडते, याचे एक कारण हे आहे. त्यानंतर एक दिवस गर मरतो आणि वेदना थांबते.

हीच ती फसवी शांतता होय. मेलेल्या गरात जंतू निर्वेधपणे वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही दिवसांनी वा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो. पुळी फुटून पू वाहू लागला की पुन्हा दुखत नाही आणि पालक पुन्हा निर्धास्त होतात. दुधाच्या दाढेच्या मुळांमध्येच कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो. वरच्या दाढेतील दीर्घकालीन पुवामुळे त्याच्या कवचावर डाग व खड्डे राहू शकतात. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य आमच्या विभागात दररोज ऐकू येते. दुधाच्या मागच्या दाढा साधारणतः दहा ते बारा वर्षांच्या वयात पडतात. पाच वर्षांच्या मुलास ती दाढ अजून निम्मे बालपण वापरावयाची असते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक कायमची दाढ येते. तिलाही दुधाचीच समजून किडू दिले जाते, आणि ती गेली की पुन्हा उगवत नाही.

लहान मूल ‘दात दुखतो’ असे क्वचितच म्हणते. दोन-तीन वर्षांच्या मुलास दुखणे नेमके कोठे आहे हे सांगता येत नाही, आणि ज्यास महिनोन्‌महिने दुखत आहे त्यास ती स्थिती नेहमीचीच वाटू लागते. एका बाजूने चावणे, घास गालात धरून बसणे, आवडीचा पेरू किंवा भाकरीची कड टाकून देणे, दात घासताना एकाच बाजूला हात लागला की डोके मागे घेणे, गालाखाली तळहात घेऊन झोपणे, रात्री रडत उठणे ही त्याची भाषा असते. अशी मुले हट्टी व खाण्यात खोडकर म्हणवून घेतात. उपचारानंतर पंधरा दिवसांनी ‘हा आता जेवायला मागतो’ असे आई सांगते, तेव्हा तो हट्ट नव्हता हे कळते.

दुखणे उठल्यावर

मूल रात्री कळवळून उठले की प्रथम त्यास मांडीवर घेऊन, चांगल्या उजेडात, विजेरी धरून तोंड पाहावे. दुधाच्या दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड असते आणि तेथे अन्न अडकते, हे रात्रीच्या दुखण्याचे फार वारंवार आढळणारे कारण आहे. भाताचे शीत, डाळीचे टरफल किंवा मांसाचा तंतू हिरडीवर दाबला जातो आणि वेदना दाताची आहे की हिरडीची, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. मऊ ब्रश ओला करून हलक्या हाताने ती जागा स्वच्छ करावी. दात साफ करण्याचा मेणाचा दोरा मिळाल्यास तो फटीतून अलगद फिरवावा. टाचणी, केसांचा आकडा, आगकाडी यांचा वापर कदापि करू नये. दहा मिनिटांच्या या कामाने अनेक मुले औषधाशिवाय झोपी जातात. हा आमचा नित्याचा अनुभव असल्याने त्यास औषधाच्या अगोदर स्थान दिले आहे.

त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. ज्या मुलास पाणी थुंकता येत नाही त्यास गुळण्या देऊ नयेत. त्याऐवजी स्वच्छ, मऊ फडके त्याच पाण्यात भिजवून हिरड्या पुसाव्यात. बाहेरून गालावर गार पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. बर्फ उघडा धरू नये व दातावर ठेवू नये. उशी नेहमीपेक्षा उंच द्यावी किंवा मुलास काही वेळ खांद्याशी धरून बसावे. वर सांगितलेले रक्तदाबाचे कारण लक्षात घेतल्यास या साध्या उपायाचे महत्त्व पटेल.

एवढ्याने न भागल्यास वेदनाशामक द्यावे. मुलाला वेदनाशामकाची ‘सवय लागेल’ म्हणून ते न देता रात्रभर रडू देणारे पालक आम्हास भेटतात, तसेच दर दोन तासांनी चमचा ओतणारेही भेटतात. पॅरासिटामॉल हे बालकांसाठी पहिल्या पसंतीचे औषध आहे. त्याची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते : दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. घोटाळा होतो तो बाटलीपाशी. बाजारात याच औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटल्या मिळतात आणि २५० मिलिग्रॅम असलेल्याही मिळतात. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असू शकते. बारा किलो वजनाच्या मुलास एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पुरेसे होते. पहिल्या बाटलीतील ५ मिलिलिटर त्यास योग्य ठरतील, दुसरीतील तेवढेच औषध अधिक होईल. ‘शेजारच्या मुलाला एक चमचा देतात’ हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे. स्वयंपाकघरातील चमचा मापाचा नसतो. बाटलीसोबतचे झाकण किंवा खुणांची पिचकारी वापरावी. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असते, ते चालू असल्यास मात्रा नकळत दुप्पट होते आणि त्याची झळ यकृतास लागते.

दाताच्या सुजेवर आयबुप्रोफेन अधिक चांगले काम करते, परंतु ते काही खाल्ल्यावर द्यावे आणि दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटातील पाणी कमी झालेले असता डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊ नये. महाराष्ट्रात पावसाळा व त्यानंतरचे महिने डेंग्यूचे असतात. अंगात ताप असेल आणि त्याचे कारण निश्चित झाले नसेल तर आयबुप्रोफेन टाळावे, कारण डेंग्यूमध्ये त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मुलांना कधीही देऊ नये. त्यातून मेंदू व यकृत यांना इजा करणारा, विरळा परंतु प्राणघातक विकार उद्भवू शकतो. निमेसुलाइड या औषधाच्या बारा वर्षांखालील मुलांसाठीच्या वापरावर भारतात २०११ साली बंदी आली. घरात जुनी चिठ्ठी जपून ठेवलेली असेल तर ती औषधाच्या दुकानात नेऊ नये. औषधाचे पाक गोड असतात, म्हणून मात्रा दिल्यानंतर मुलास दोन घोट पाणी पाजावे.

जे करू नये

आजीच्या बटव्याविषयी आम्हास आदर आहे आणि त्यातील लवंग तर आमच्याही कपाटात असते. दंतवैद्य किडलेल्या दातात जे तात्पुरते औषध भरतात, त्याचा ओळखीचा वास लवंगेतील युजेनॉल या द्रव्याचाच असतो. परंतु तेथे ते भुकटीत मिसळून घट्ट केलेले असते. घरी कापसाच्या बोळ्यावर घेतलेले निव्वळ लवंगतेल हिरडीवर व जिभेवर उतरून भाजते, आणि दुखणाऱ्या दाताच्या जोडीला पांढरा पडलेला गाल घेऊन मूल आमच्याकडे येते. लहान मुलाने ते गिळल्यास प्रकरण गंभीर होते. अवघे एक-दोन चहाचे चमचे तेल पोटात गेल्याने दोन वर्षांच्या बालकाच्या यकृतास तीव्र इजा झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. लवंगतेलाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी.

मशेरीचा प्रश्न याहून कठीण आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्या राज्यातील अनेक घरांत सकाळी दातांस लावली जाते. ती लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन समजत नाहीत, दंतमंजन समजतात. मुलाची दाढ दुखू लागली की तीच बोटभर मशेरी किंवा तंबाखूची चिमूट त्याच्या दाढेत भरली जाते. निकोटिनमुळे क्षणभर बधिरपणा येतो, मळमळते, चक्कर येते. निपचित पडलेल्या मुलास ‘गुण आला’ असे समजतात. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांवर भारतात १९९२ सालीच बंदी आली, पण घरातल्या तव्यावर बंदी पोहोचत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलीस दाढदुखीच्या निमित्ताने लागलेली ही सवय पुढे आयुष्यभर राहू शकते, हे त्या घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तान्ह्या मुलाचे तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवण्याची पद्धत अजूनही आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो वारंवार पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना झटके आल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. मधही एक वर्षाच्या आत देऊ नये. दुकानात मिळणारे बधिर करणारे मलम मागण्यापूर्वी त्यावरील घटक वाचावेत : बेंझोकेन असलेले मलम दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली पुन्हा दिला, आणि कोलीन सॅलिसिलेट असलेली मलमे सोळा वर्षांखालील मुलांना न लावण्याची सूचना ब्रिटनमध्ये २००९ सालापासून आहे. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्याने दुखणे थांबत नाही, हिरडी मात्र जळते. सुजलेल्या गालावर गरम शेक किंवा पोटीस बांधू नये.

प्रतिजैविकांविषयी एक शब्द. मागच्या आजारातील उरलेली पावडर पाण्यात कालवून दाढदुखीवर दिली जाते. गर सुजल्याने होणाऱ्या वेदनेवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. संसर्ग पसरू लागला आहे किंवा मुलास ताप व बाहेरून सूज आहे, तेव्हाच त्याचा उपयोग होतो आणि तेव्हाही दातावरील उपचार चुकत नाही.

तोंड आले असता

तोंडातील प्रत्येक आग दाताची नसते. किडून फुटलेल्या दाताची धारदार कड जिभेस किंवा गालास सतत घासून एकाच जागी जखम होते. त्या कडेवर दंतवैद्याकडील मेणाची छोटी गोळी दाबून बसवली की त्याच दिवशी आराम पडतो. तारीख दूर असली तरी एवढ्यासाठी मुलास मध्येच घेऊन यावे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप येऊन हिरड्या लालभडक होणे, त्यातून रक्त येणे, ओठ-जिभेवर बारीक फोड फुटून जखमा होणे हा बहुधा विषाणूचा आजार असतो. तो दहा ते चौदा दिवसांत आपला आपण ओसरतो. या दिवसांत खरा धोका जखमांचा नसून मूल पाणी पीत नाही याचा असतो. गार दूध, पातळ गोड दही, नाचणीची निवलेली पेज, शहाळ्याचे पाणी हे चमच्या-चमच्याने, वेदनाशामकानंतर अर्ध्या तासाने द्यावे, त्या वेळी ते सहज जाते. आठ तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली किंवा रडताना डोळ्यांत पाणी आले नाही तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. हा आजार स्पर्शाने पसरतो, म्हणून पेला-चमचा वेगळा ठेवावा आणि मुलाने तोंडातील बोटे डोळ्यास लावू नयेत याकडे लक्ष द्यावे. उपचाराच्या तारखेस अशा जखमा ओल्या असतील तर दूरध्वनीने कळवावे. तारीख पुढे जाईल, पण रद्द होणार नाही.

दुखऱ्या तोंडास अन्न कोमट व मऊ हवे. मुगाची बिनतिखटाची खिचडी, वरण-भात, दुधात किंवा वरणात भिजवून मऊ केलेली भाकरी, कुस्करलेले केळे, मऊ उपमा हे चालते. चिवडा, शेव, चिक्की, आंबट-तिखट पदार्थ आणि फार गार किंवा फार गरम पेये उपचार होईपर्यंत दूर ठेवावीत. रडणाऱ्या मुलास गप्प करण्यासाठी गोळी-चॉकलेट देणे म्हणजे दुखण्यास खतपाणी घालणे होय. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे आजपासून बंद करावे. दुखते म्हणून दात घासणे मात्र बंद करू नये. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दिसते तेवढी लांब पट्टी कोणासच लागत नाही.

प्रतीक्षेच्या काळात आमच्याकडूनही काही करता येते. ज्या किडलेल्या दातांत अजून वेदना किंवा पू नाही, त्यांवर चांदी व फ्लोराइड यांच्या द्रावणाचा थेंब लावल्यास कीड बहुधा तेथेच थबकते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या नावाचे हे द्रावण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सुई नाही, यंत्राचा आवाज नाही, एक-दोन मिनिटांचे काम. किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे पालकांस अगोदर सांगावे लागते. काही खड्डे हातातील उपकरणाने स्वच्छ करून सिमेंटने भरता येतात. एका दाढेची वाट पाहत असता दुसरी दुखू नये, एवढ्यासाठी हे सर्व असते. देणगीदारांनी दिलेल्या निधीचा हा विनियोग अहवालाच्या आकड्यांत फारसा दिसत नाही, म्हणून येथे त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

तारखेची वाट पाहू नये तेव्हा

पुढील लक्षणे दिसल्यास तारीख विसरून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात यावे. गालाची सूज डोळ्याच्या पापणीपर्यंत चढणे किंवा जबड्याखाली उतरून कडक होणे. तोंड नीट न उघडणे. गिळता न आल्याने लाळ बाहेर गळणे. आवाज घोगरा होणे. श्वास घेताना धाप लागणे. सुजेबरोबर ताप येऊन मूल मलूल पडणे. खालच्या दाढांतील संसर्ग जिभेखालच्या पोकळीत पसरला तर जीभ वर उचलली जाऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो. १८३६ साली लुडविग या जर्मन वैद्याने या विकाराचे वर्णन केले, तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत, परंतु ती वेळेत पोहोचली पाहिजेत. ज्या मुलास जन्मजात हृदयविकार आहे, ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे किंवा ज्यास रक्तस्रावाचा विकार आहे, त्याच्या बाबतीत हिरडीवरील लहानशी पुळीही त्वरित कळवावी.

तारीख जवळ आली की घरात मुलाशी काय बोलले जाते, यावर उपचाराचा निम्मा भार असतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असे वर्षभर ऐकलेले मूल आमच्या दारातच रडू लागते. ‘काहीच दुखणार नाही’ हेही सांगू नये, कारण ते खोटे ठरले की पुढील भेटीत मूल आईवरही विश्वास ठेवत नाही. ‘डॉक्टर दात मोजतील, स्वच्छ करतील, मी बाहेर बसलेली असेन’ इतके पुरे. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास अन्न व दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करावे लागते. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसांत जाण्याचा धोका असतो. पहाटे उठून भुकेने रडणाऱ्या नातवास आजीने दिलेले एक बिस्किट, आणि त्यापायी परत गेलेली शस्त्रक्रिया, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. दिले असल्यास निदान लपवू नये. रागावण्यापेक्षा तारीख बदलणे आम्हास सोपे वाटते.

आणि एक नोंद ठेवावी. दुखणे कोणत्या दिवशी, किती वाजता उठले, औषध केव्हा व किती दिले, कोणत्या दिवशी दुखले नाही. वही लागत नाही. मध्यंतरी एक आजीबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान घडी घालून घेऊन आल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. नातीला औषध दिले की त्या त्या दिवसाच्या चौकटीत कोळशाने एक ठिपका काढीत. चार दिवस दोन-दोन, तीन-तीन ठिपके होते, त्यापुढचे सहा दिवस कोरे. मुलीच्या उपचाराची तारीख अजून तीन आठवडे दूर होती आणि तिची कसलीच तक्रार नव्हती. “मग आज कशासाठी आलात?” असे परिचारिकेने विचारले. “दुखायचं थांबलं म्हणून आले,” आजीबाई म्हणाल्या, “पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत.” हिरडीवर मोहरीएवढी पुळी होती. जागा बधिर करून ती दाढ आम्ही त्याच दुपारी काढली.